मिस्त्रींच्या सात चुका

मी आयुष्यात पुष्कळ शेरे लिहिले. त्यांतल्या एकात शब्दन् शब्द खरा होता आणि तरी तो सबंध खोटा होता. ‘निदेशक स्वतः वारंवार चुकतात. प्रौढ विद्यार्थी त्यांना दुरुस्त करतात. सबब अध्यापनास अपात्र.’ अक्षर वळणदार, सही झोकदार. या ओळींनी एका माणसाची नोकरी गेली. त्या कुणी लिहिल्या हे त्याला कधी कळलं नाही, असं मी धरून चाललो. घरात मला अबोल म्हणतात. अबोल माणसाबद्दल लोकांचं मत उगीचच चांगलं असतं. त्याच्या पोटात काहीतरी खोल असेल असं वाटतं. माझ्या पोटात हा शेरा होता. बाकी खोल असं काही नाही.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा होता. इतका नवा, की आमच्या कचेरीतल्या छापील कागदांवर जुन्या राज्याचं नाव असे आणि कारकून ते तांबड्या शाईनं खोडून वर नव्याचं लिहीत. मीही नवाच होतो. अमरावतीहून बी.टी., म्हणजे शिक्षकाची पदवी, घेऊन आलेला, सत्तावीस वर्षांचा, खिशाला दोन पेनं. एकानं लिहायचं, दुसरं दिसायला. जिल्ह्यात ठिकठिकाणी मोठ्या माणसांना धंदा शिकवण्याची केंद्रं निघाली होती. कुठे शिवणकाम, कुठे सुतारकी, कुठे ऑइल इंजिन आणि पंपाची दुरुस्ती. शिकवायला हाताचे कसबी लोक नेमले होते. कागदावर त्यांना निदेशक म्हणत, गावात मिस्त्री. त्यांना काम येई, पण ‘शिकवणं’ येत नाही, असं वरच्या साहेबांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांना शिकवायला मी. माझ्या हुद्द्याचं नाव होतं मार्गदर्शक. मी तोवर एकाही मोठ्या माणसाला काही शिकवलेलं नव्हतं आणि पान्याची कुठली बाजू धरायची हे मला विचारावं लागलं असतं. पण विचारायचं कुणाला? मार्गदर्शक मीच.

पहिलं शिबिर चिखलीला एका शाळेत घेतलं. तीन दिवस. बाकं दुसरीच्या पोरांची. त्यांवर पन्नाशीचे मिस्त्री गुडघे हनुवटीला लावून बसलेले. मी त्यांना पंचपदी शिकवली. धडा कसा पाच पायऱ्यांनी चढायचा, आधी प्रस्तावना, मग हेतुकथन वगैरे. आणि प्रत्येक पाठाचं टाचण वहीत कसं लिहून काढायचं. विद्यार्थ्यांत प्रेरणा कशी निर्माण करावी यावर मी दीड तास बोललो. त्या दीड तासात शिवणकामाचे एक मास्तर झोपले. त्यांना मी उठवलं नाही, ही त्या तीन दिवसांतली माझी एकमेव शहाणपणाची गोष्ट.

शेवटच्या दिवशी मी विचारलं, कुणाला काही शंका? मागच्या बाकावरून इंजिनाचे मिस्त्री उठले. बारीक अंगाचे, नखांत काळं वंगण कायमचं मुरलेलं, गळ्यात दुपट्टा. पंचवीस वर्षं कापसाच्या एका जिनात इंजिन सांभाळलेलं. सरकारी काम म्हणून जिनातली कायमची जागा सोडून आले होते, आणि इथे अजून तात्पुरतेच होते. वर्षअखेर मार्गदर्शकाचा अहवाल चांगला गेला तर कायम, नाहीतर घरी. हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

ते म्हणाले, “साहेब, हे समदं लेकरायसाठी बरोबर आहे. पन मोठ्या मानसाले शिकवाचं म्हंजे, तो शिकून राह्यला हे त्याले कळूच द्याचं नसते.”

मी प्रेमळ हसलो. तसं हसायला आम्हाला अमरावतीत शिकवलं होतं. मी म्हणालो, तुम्ही म्हणता ते पुस्तकात आहे, त्याला स्वयंप्रेरणा म्हणतात. ते “हाव साहेब” म्हणून खाली बसले. त्या शिबिरात कुणी काही शिकवलं असेल तर त्या एका वाक्यानं, आणि ते मी फळ्यावरही लिहिलं नाही.

दोन महिन्यांनी त्यांच्या केंद्रावर तपासणीला गेलो. गावाचं नाव सांगत नाही, चिखलीहून एस.टी.नं तासाभराचं अंतर. सरकी ठेवायची एक जुनी वखार होती, तिच्यात सिमेंटच्या ओट्यावर इंजिन बसवलेलं, शेजारी पंप आणि एक हौद. पंप हौदातलं पाणी उचलून हौदातच टाकी. तसं पाहिलं तर आमच्या खात्याचा कारभारही असाच चाले. वर्ग दुपारी तीन ते पाच. अठरा माणसं जमिनीवर पोत्यांवर बसलेली, पंचविशीपासून साठीपर्यंतची. बहुतेकांनी विहिरीवर नवीन इंजिन बसवलं होतं किंवा बसवणार होते. इंजिन बंद पडलं की चिखलीचा कारागीर यायला तीन-चार दिवस लागत आणि तोवर मिरची माना टाकी. तेव्हा त्यांना प्रेरणा देण्याची गरज होती, असं आता म्हणवत नाही.

मी कोपऱ्यात खुर्चीवर बसलो, वही उघडली. मिस्त्रींनी हँडल लावलं आणि गरागरा फिरवायला लागले. इंजिन ढिम्म. पुन्हा फिरवलं. पुढच्या रांगेत एक उंच, तांबड्या फेट्याचे गृहस्थ होते, गावातले मोठे जमीनदार. ते हळूच म्हणाले, मास्तर, तेलाची चावी उघडली का? मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. “हाव, राह्यलंच.” सगळा वर्ग खूश. फेटेवाले तर असे बसले की जणू इंजिनाचा शोध त्यांनीच लावला.

मी लिहिलं : चूक एक.

मग इंजिन सुरू झालं, पण पंप पाणी उचलेना. मागून कुणीतरी म्हणालं, पंपात आधी पाणी भरलंच नाही तुमी. पुन्हा कपाळावर हात. चूक दोन. मग इंजिनावरून पंपावर गेलेल्या चालत्या पट्ट्याशी वाकताना गळ्यातला दुपट्टा लोंबता ठेवला. तीन माणसं एकदम ओरडली. चूक तीन. असं करत करत तासाभरात सात झाल्या. मी प्रत्येकीपुढे वेळ टाकली, कारण मी काटेकोर होतो. वर्गात हसणं, टोमणे, “मास्तर, तुमाले जिनातून काऊन काढलं ते समजलं आता” असं चाललेलं. मिस्त्रीही हसत होते. टाचणाची वही मागितली तर कोरी.

मी ठरवलं की यांना दाखवून द्यावं. दुसऱ्या दिवशी मी आदर्श पाठ घेतला. इंजिन-पंपाची माहितीपुस्तिका मी आदल्या संध्याकाळी पाठ केली होती. मला ती अजून येते. विषय निवडला फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाशी विहिरीत बसणारी ती झडप, जी चढलेलं पाणी परत खाली पडू देत नाही. प्रस्तावना झाली, हेतुकथन झालं. मग मी नियमाप्रमाणे प्रश्न विचारला : फूटव्हॉल्व्हचं काम काय? आणि नियमाप्रमाणे वर्गातल्या वजनदार माणसाला विचारला. तांबड्या फेट्याला.

त्यांना आलं नाही.

आमच्या शास्त्रात याला सोपा उपाय आहे. उत्तर शेजाऱ्याकडून घ्यावं आणि ज्याला आलं नाही त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यावं. शेजारी एक ठेंगणे, मवाळ गृहस्थ होते, शेजारच्या गावचे. त्यांच्या विहिरीवर दोन वर्षांपासून इंजिन होतं आणि त्यांना ते सगळं येतं असं मिस्त्रींनीच मला सांगितलं होतं. मी त्यांना उभं केलं. ते जमिनीकडे पाहत म्हणाले, “नाई साहेब. मले नाई माहीत.”

मी तिसऱ्याला विचारलं. नाही. चौथ्याला. नाही. अठरा माणसं, आणि काल सात चुका पकडणाऱ्या त्या वर्गात आज कुणालाच काही येत नव्हतं. मिस्त्री दाराशी उभे होते. ते मला डोळ्यांनी काहीतरी सांगत होते, पण मी पाठात होतो. शेवटी उत्तर मीच सांगितलं, आणि मग फेटेवाल्यांना उभं करून त्यांच्याकडून ते शब्दशः दोनदा म्हणवून घेतलं. दुसऱ्यांदा त्यांनी बरोबर म्हटलं. मी म्हणालो, “शाब्बास.”

पंचावन्न वर्षांच्या माणसाला. त्यांची नातवंडं ज्या शाळेत जात होती तिथे हा शब्द वापरतात.

तिसऱ्या दिवशी दोघेही आले नाहीत. त्यांच्या भावकीतलेही आले नाहीत. पोत्यांवर सात माणसं होती, आणि तीही माझ्याकडे न बघता दाराकडे बघत होती. मी वहीत लिहिलं : उपस्थिती समाधानकारक नाही, विद्यार्थ्यांत प्रेरणेचा अभाव.

त्या दिवशी मिस्त्री मला एस.टी.च्या फाट्यापर्यंत सोडायला आले. सायकल हातात धरून चालत होते. मग म्हणाले, ते दोघे एकमेकांचे इवाई आहेत, हे तुमाले माहीत नव्हतं का? इवाई म्हणजे व्याही. ठेंगण्या गृहस्थांची लेक फेटेवाल्यांच्या धाकट्या मुलाला दिलेली. दोन वर्षं झाली होती लग्नाला. मुलीच्या बापानं मुलाच्या बापापुढे भर मंडळीत शहाणं ठरायचं, जे त्याला आलं नाही ते आपण सांगायचं, आणि मग साहेबानं ते त्याच्याकडून पोरासारखं घोकून घ्यायचं? लेकीला त्याच घरात नांदायचं होतं. त्यापेक्षा मला काहीच येत नाही म्हणणं स्वस्त. आणि त्यांनी जे म्हटलं ते ऐकून बाकी वर्गानंही तेच म्हटलं, कारण त्यांना आमची पंचपदी येत नसली तरी रीत येत होती.

मी विचारलं, मग तुम्ही प्रश्न कसा विचारता? त्यांनी सायकल थांबवली.

“मी कायले विचारतो साहेब? मी चुकतो. कोनी इवायाले शिकवत नाई, कोनी कोनापुढं हरत नाई. समदे मिळून मले शिकवतात. चावी उघडाले मी इसरलो, तं तो मानूस जिंदगीत इसरत नाई.”

मला सात चुका आठवल्या. तेलाची चावी. पंपातलं पाणी. दुपट्टा. मी त्या वहीत ज्या क्रमानं लिहिल्या होत्या, तोच इंजिन सुरू करण्याचा आणि सांभाळण्याचा क्रम होता. आमच्या भाषेत ते पाठाचं टाचण होतं. सात पायऱ्यांचं, माझ्यापेक्षा दोन जास्त.

मग त्यांनी ते मागितलं, ज्यासाठी ते चार मैल चालत आले होते. अगदी साधी गोष्ट. म्हणाले, साहेब, एक दिवस थांबा. मी त्या दोघांच्या घरी जातो, तपासणी संपली, उद्या नुसतं इंजिन बघायला या, असं सांगतो. तुम्ही फक्त हँडल मारा आणि काहीतरी विसरा.

“तुमी एक डाव त्यायच्यापुढं चुका, साहेब. फेटेवाल्यानं तुमाले सांगतलं का झालं. उद्या समदे येतीन. माही नोकरी बी राहीन.”

मी काय म्हणालो ते नीट आठवतं. मी म्हणालो, मला उद्या मेहकरकडे जायचं आहे, तिकडच्या एका केंद्राची तपासणी आहे. ती तपासणी पुढच्या आठवड्यात होती. शिवाय मी म्हणालो, अधिकाऱ्यानं असं करणं शिस्तीला धरून नाही. खरं कारण एवढंच की त्या फेटेवाल्यांनी मला “साहेब, चावी उघडली का?” विचारावं आणि अठरा माणसांनी हसावं, हे मला सहन झालं नसतं. मोठ्या माणसांना शिकण्याची लाज वाटते, तिचा आदर करावा, असं मी चिखलीला दीड तास सांगितलं होतं. स्वतःची लाज मी चांगलीच आदरानं सांभाळली.

मिस्त्री “हाव साहेब” म्हणाले. एस.टी. आली, त्यांनी माझी पिशवी वर चढवून दिली.

अहवाल अजून लिहायचा होता. म्हणजे सगळं कळल्यावर मी तो शेरा लिहिला. अजाणतेपणी लिहिला असता तर आज एवढी शाई खर्ची घातली नसती. खरं लिहायचं तर मला लिहावं लागलं असतं की वर्ग अठराचा सात माझ्या आदर्श पाठामुळे झाला, आणि या निदेशकाकडे मलाच शिकायला पाठवावं. तसा रकाना छापील नमुन्यात नव्हता. ‘निदेशकाचे दोष’ असा होता, तो मी भरला. सात चुका वेळेसकट जोडल्या. वरचे साहेब माझ्या काटेकोरपणावर खूश झाले. मिस्त्रींना वर्षअखेर पत्र गेलं. त्यात कारण प्रमाणपत्र नसल्याचं होतं, कारण पत्र लिहिणारा कारकून दयाळू होता. जिनातली जागा केव्हाच भरली गेली होती.

त्यांच्या जागी प्रमाणपत्र असलेले एक निदेशक आले. टाचणाची वही भरलेली, अक्षर सुरेख. वर्षभरात त्या इंजिनावर पोतं पांघरलेलं मी पाहिलं.

आणि मी? मी वर गेलो. कसा गेलो तेही सांगून टाकतो. तीन-चार वर्षांनी वरून पत्र आलं की प्रौढांना शिकवण्याचे नवे प्रयोग लिहून पाठवा. मी एक छोटी पुस्तिका लिहिली. तिच्यात एक प्रकरण होतं, ‘नियोजित चूक पद्धती’. शिक्षकानं मुद्दाम चुकावं, प्रौढांनी त्याला दुरुस्त करावं, त्यामुळे त्यांचा मान राहतो आणि ज्ञान पक्कं होतं. उदाहरण तेलाच्या चावीचं आणि दुपट्ट्याचं. तळाशी टीप : लेखकाच्या निरीक्षणावर आधारित. निरीक्षण माझंच होतं, यात शंका नाही; वेळेसकट होतं. शिबिरांत मी ही पद्धत शिकवू लागलो. लोक वही काढून लिहून घेत. कुणी झोपत नसे.

मिस्त्रींची नोकरी गेल्यावर सात-आठ वर्षांनी धामणगाव बढ्याला कामासाठी गेलो होतो. बाजाराच्या कडेला एका दुकानापुढे लोक जमलेले, मध्ये एक इंजिन, आणि इंजिनाशी वाकलेले मिस्त्री. केस पांढरे झाले होते. दुकानदार इंजिनं विकी आणि हे गिऱ्हाइकांना चालवून दाखवत. बाकीच्या दिवशी सायकलवरून गावोगाव दुरुस्तीला जात, असं मला मागाहून कळलं. मला वळून जाता आलं असतं. तितकं तरी मी केलं नाही. मी ठरवलं, आज सांगायचं : ते पत्र कारकुनाचं होतं, पण त्यामागचा शेरा माझा होता.

त्यांनी मला पाहिलं, ओळखलं. राम राम झाला. कुणाकडून तरी ऐकलं होतं त्यांनी. म्हणाले, “साहेब, तुमी आता चुका शिकवून राह्यले म्हने.”

टोमणा होता की नाही, मला आजही ठरवता येत नाही. तोंडावर हसू होतं, पण ते तर वर्गातही असायचं. मी म्हणालो, हो, म्हणजे, तुमच्याकडूनच... आणि थांबलो. भोवती दहा-पंधरा गिऱ्हाइकं उभी होती, माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडे आणि खिशातल्या दोन पेनांकडे बघत. त्यांच्यापुढे कसं बोलायचं? थोडं बाजूला घेऊन बोलू, असा मी विचार करत होतो. मिस्त्रींनी माझ्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं. आयुष्यभर इंजिनाचा आवाज ऐकलेला माणूस. कुठे अडकलंय ते त्याला कळत असणारच.

त्यांनी हँडल लावलं आणि फिरवलं. इंजिन लागलं, पट्टा फिरू लागला, पंप कोरडाच घरघरला. पाइपाच्या तोंडातून थेंब नाही. ते मागे सरकून उभे राहिले आणि डोकं खाजवू लागले. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण साहेब तिथे उभे होते.

मी म्हणालो, “मिस्त्री, पंपात पाणी भरलं नाही.”

त्यांनी कपाळावर हात मारला. “हाव साहेब, राह्यलंच.” आणि भोवतीच्या लोकांना म्हणाले, “पाहा, साहेबायले समजते.”

लोकांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मला काय झालं ते सांगायची लाज वाटते, पण आज सांगायचंच आहे : मला फार बरं वाटलं. मी चार शब्द आणखी बोललो, फूटव्हॉल्व्हबद्दल, पुस्तिकेतले. लोकांनी मान डोलावली. मिस्त्री पितळी तांब्यानं पंपात पाणी ओतत मन लावून ऐकत होते, जणू पहिल्यांदाच ऐकताहेत. मग माझी एस.टी. लागली आणि मी निघालो.

चढताना आठवलं की मी काही सांगायला थांबलो होतो. खिडकीतून पाहिलं तर पाइपातून पाणी जोरात पडत होतं आणि ते दुसऱ्या गिऱ्हाइकापुढे दुपट्टा लोंबता ठेवून पट्ट्याशी वाकले होते. कुणीतरी ओरडलं. मी खाली उतरलो नाही. पुढे मिस्त्री वारल्याचं कळलं, तेव्हा मी कुठल्याशा शिबिरात होतो. विषय तोच होता, आणि मी तो त्या दिवशी बिनचूक शिकवला.